मॉप मोजतात, तास नाही

सिझेरियन संपत आले की पोट शिवायच्या आधी सर्जन थांबते आणि विचारते, ‘सिस्टर, काउंट?’ सिस्टर ट्रॉलीवरचे कोरे मॉप मोजते, रक्ताने भिजून बादलीत पडलेले मोजते, चिमटे-कात्र्या मोजते. ‘काउंट करेक्ट, मॅडम’ हे शब्द कानावर पडल्याखेरीज पोट बंद होत नाही. एक मॉप कमी भरला तर सगळे थांबतात आणि शोधायला लागतात. बाळाच्या जन्माची वेळ मिनिटासकट रजिस्टरात चढते. किती रक्त गेले, किती सलाइन चढले, लघवी किती मिलिलिटर झाली, सगळे लिहून ठेवावे लागते. त्याच टेबलाशी रिट्रॅक्टर धरून उभी असलेली पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर किती तास जागी आहे, एवढे मात्र रुग्णालयाच्या कुठल्याच रजिस्टरात सापडत नाही.

तीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात मी तशीच उभी असायचे. आज निवासी डॉक्टरांच्या बर्नआउटवर परिसंवाद होतात, ताण कसा हाताळावा याची व्याख्याने होतात. व्याख्यानाला बसलेली निम्मी मुले मान खाली घालून झोपलेली असतात, आणि मला वाटते त्या दिवशी तेवढाच त्यांचा फायदा होतो. हे सगळे वाचून, ऐकून आणि विद्यार्थ्यांबरोबर राहून माझे एक मत पक्के झाले आहे: या प्रश्नाच्या मुळाशी न ठेवलेला हिशेब आहे. तास कोणी मोजत नाही, म्हणून ते कमी होत नाहीत. माणसे किती कमी आहेत हे कोणी मांडत नाही, म्हणून ती भरली जात नाहीत.

कागदावर हिशेब आहे. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी योजना आखली. त्यात कनिष्ठ निवासी डॉक्टरने साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावे, सलग १२ तासांहून जास्त करू नये, आठवड्याला आळीपाळीने एक सुट्टी मिळावी, असे लिहिलेले आहे. त्यानंतर तीन वर्षांतच मी रेसिडेन्सीला लागले. त्या योजनेचा कागद मला ना कोणी दाखवला, ना मी कोणाला विचारला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम केले. त्यात साप्ताहिक सुट्टी आहे, वर्षाला किमान २० दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. पण कामाच्या तासांबद्दल आकडा नाही, ‘वाजवी’ एवढाच शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, हे ठरवायचे युनिटच्या प्रमुखाने. पुढच्याच वर्षी आयोगाच्या राष्ट्रीय कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला आणि आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली. रोज सात ते आठ तास झोप मिळावी, असेही त्यात म्हटले आहे. अहवाल प्रामाणिक आहे, त्यामागे मेहनत आहे. तरीही १९९२चे ४८ आणि २०२४चे ७४ हे आकडे शेजारी ठेवले की वाईट वाटते. बत्तीस वर्षांत कागदावरची मर्यादाच २६ तासांनी पुढे सरकली.

त्याच कृती दलाने केलेल्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. ४५ टक्क्यांनी सांगितले, आठवड्याला ६० तासांहून जास्त काम होते. ५६ टक्क्यांहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. आणि ३१ टक्के म्हणाले, आत्महत्येचे विचार मनात येऊन गेले आहेत. अशा पाहणीत ज्यांना बोलायचे आहे तेच जास्त उत्तरे देतात, हा आक्षेप बरोबर आहे. पण टक्का निम्म्यावर आणला तरी तो उरतोच. माहिती अधिकारात आयोगाने दिलेली संख्या पाहा. पाच वर्षांत देशात १२०च्या आसपास वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि हजाराहून अधिक मुले शिक्षण अर्ध्यावर टाकून गेली. सोडून जाणाऱ्यांत बहुतेक सगळे पदव्युत्तर होते. नीट-पीजीसाठी वर्ष-दोन वर्षे खोलीत कोंडून घेतलेली, लाखभर स्पर्धकांतून वर आलेली मुले जागा सोडून देतात, तेव्हा ती आळशी असतील असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तासांचे आकडे बाहेरच्या माणसाला कोरडे वाटतात, म्हणून त्या तासांत काय असते ते सांगायला हवे. सकाळी साडेपाचला वॉर्डात कलेक्शन सुरू होते, म्हणजे पंचवीस-तीस रुग्णांचे रक्त काढून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. सात वाजता रजिस्ट्रारचा राउंड, आठ-नऊला सरांचा. तोवर कालचे रिपोर्ट हातात हवेत. संगणकावर ते नेहमी दिसतातच असे नाही, म्हणून लॅबच्या खिडकीशी उभे राहायचे. मग ओपीडी. त्या दिवशी युनिटची इमर्जन्सी असेल तर सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत येईल ती बाई आपली. तालुक्याहून पाठवलेली, झटके आलेली, रक्तस्राव थांबत नसलेली, कधी हातात एकही कागद नसलेली. रात्री रक्ताची पिशवी लागली की फॉर्म आपण भरायचा, नमुना घेऊन ब्लड बँकेत आपण जायचे, क्रॉसमॅच होईतो बाकावर बसायचे. वॉर्डबॉय मामा दुसऱ्या वॉर्डात गेलेले असतात, तेव्हा ट्रॉलीही आपणच ढकलायची. सकाळ झाली की इमर्जन्सी संपते, दिवस संपत नाही. पुन्हा कलेक्शन, पुन्हा राउंड, काल भरती झालेल्यांची ऑपरेशने, संध्याकाळी डिस्चार्ज कार्डे. खोलीवर पोचेपर्यंत ३६ तास उलटून गेलेले असतात.

मुले याला ‘हमाली’ म्हणतात. शब्द कडवट आहे, पण त्यात नेमके निदान आहे. या ३६ तासांतला मोठा भाग ज्याला डॉक्टर लागतो अशा कामाचा नसतो. फॉर्म भरणे, नमुने पोचवणे, रिपोर्टचा माग काढणे, नातेवाईक शोधून आणणे, योजनेच्या कागदांवर सही-शिक्के मिळवणे. तांत्रिक कर्मचाऱ्यांची, वॉर्डबॉयची, लिपिकांची जी पदे भरली गेली नाहीत, त्यांचे काम उताराने वाहत येऊन सगळ्यात खालच्या पायरीवर साचते, आणि तिथे पहिल्या वर्षाचा जेआर-वन उभा असतो. त्याला विद्यार्थी म्हणावे तर शिकवायला कोणी मोकळे नाही. कर्मचारी म्हणावे तर कामाच्या वेळेचा कायदा लागू नाही. सोयीप्रमाणे तो कधी हा, कधी तो ठरतो.

या व्यवस्थेची सुरुवात कुठून झाली हे पाहण्यासारखे आहे. ‘रेसिडेंट’ म्हणजे शब्दशः तिथेच राहणारा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९पासून विल्यम हॉल्स्टेड या थोर सर्जनने ही पद्धत बसवली. शिकाऊ डॉक्टरांनी रुग्णालयातच राहावे, सदैव हजर असावे, संसारात गुंतू नये, अशी त्याची अपेक्षा असे. हॉल्स्टेड स्वतः कोकेनवरच्या प्रयोगांतून त्या व्यसनात अडकला आणि पुढे आयुष्यभर मॉर्फिन घेत राहिला. त्याच्या कामाची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण झोपेची गरज नसल्यासारखे जगण्याचा जो आदर्श जगभरच्या सर्जनांनी त्याच्या नावाने उचलला, त्याच्या मुळाशी असा शापित माणूस होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे असे मला वाटते.

बर्नआउट हा शब्द १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वैद्यकीय लिखाणात आणला. एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांकडे पाहताना त्याला तो सुचला. सर्वांत जास्त उमेदीने आलेली माणसेच आधी रिकामी होताना त्याने पाहिली. क्रिस्टीना मास्लाक यांनी १९८१ साली सहकाऱ्यासह त्याचे मोजमाप तयार केले. त्यात तीन गोष्टी येतात: भावनांचा थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याला आजार न म्हणता कामाच्या जागी निर्माण होणारी अवस्था म्हटले, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे पावसाने ताण दिला की पीक कोळपते. तेव्हा शेतकरी बियाणाला दोष देत नाही, तो आधी जमिनीतली ओल बघतो.

बर्नआउटच्या त्या तीन गोष्टींतला कोरडेपणा ओळखायला सर्वांत सोपा असतो, कारण तो बोलण्यात उतरतो. सुरुवातीचे तीन-चार महिने मुलगी म्हणते, ‘त्या कोपऱ्यातल्या काकू, ज्यांची सून रोज डबा आणते.’ वर्ष उलटले की काकूंच्या जागी ‘चौदा नंबरची एक्लॅम्पसिया’ येते. थोडे अंतर ठेवणे या पेशाला आवश्यकच असते, नाहीतर हात थरथरेल. पण मध्यरात्री कळा देणाऱ्या बाईवर ओरडणारी निवासी डॉक्टर मी पाहिली आहे, आणि ती ओरडणारी एके काळी मी होते. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही. आठवत नाही, हेच जास्त टोचते. सरकारी लेबर रूममध्ये बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल जे लिहिले जाते ते खरे आहे. त्या वागणुकीला थकवा हे समर्थन होऊ शकत नाही. कारणांपैकी एक मात्र तो नक्कीच आहे. मिशिगन विद्यापीठातले सृजन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांचा वर्षभर माग ठेवला. २०१०च्या त्यांच्या अभ्यासात वर्ष सुरू होण्यापूर्वी नैराश्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते, वर्षभरात ते सुमारे २५ टक्क्यांवर गेले. मुले तीच होती, बदललेले होते फक्त वर्ष.

तास कमी केल्याने काय होते, याचे उत्तर जगाने चाळीस वर्षे शोधले आहे आणि ते सरळ नाही. मार्च १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. तिला तपासणारे शिकाऊ डॉक्टर एकाच वेळी कितीतरी रुग्ण सांभाळत होते, आणि आधीच्या औषधाशी न जुळणारे औषध तिला दिले गेले होते. तिचे वडील पत्रकार होते, ते गप्प बसले नाहीत. न्यूयॉर्क राज्याने १९८९ साली आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ साली ती अमेरिकाभर झाली. बोस्टनच्या अतिदक्षता विभागातल्या २००४च्या अभ्यासात लांब पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात इंटर्नच्या हातून ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्याचे दिसले. त्याआधी १९९७ सालीच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले होते की सलग २४ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे मद्याचा अंमल चढलेल्या माणसासारखे चालतात. दारू प्यालेला डॉक्टर लेबर रूममध्ये आला तर आपण त्याला दारातच अडवू.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणे बरे नाही. अमेरिकेत पुढे पाळ्यांचे नियम सैल ठेवून मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाले. त्यांत सैल नियमांमुळे रुग्णांच्या मृत्यूंत वाढ दिसली नाही. पाळी छोटी झाली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो आणि मधल्या मध्ये काहीतरी निसटते, हे अनुभवी सर्जनांचे म्हणणेही खोटे नाही. सगळ्यात बोलका अभ्यास २०२०चा आहे. सहा बालरोग अतिदक्षता विभागांत २४ तासांच्या पाळ्या बंद केल्या, तेव्हा गंभीर चुका कमी होण्याऐवजी वाढल्या. कारण शोधल्यावर कळले की छोट्या पाळ्यांत एका निवासी डॉक्टरकडे सरासरी ६.७च्या जागी ८.८ रुग्ण आले होते. तो भार हिशेबात धरला की वाढ नाहीशी झाली. म्हणजे माणसे न वाढवता तास कापले तर तेवढेच काम कमी वेळात कोंबले जाते. मार्डने, म्हणजे महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, जानेवारी २०२३मध्ये संप केला तेव्हा वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे भरा ही पहिल्या क्रमांकाची मागणी होती, आणि वसतिगृहांची दुरवस्था ही दुसरी. वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत ‘रुग्णांचे हाल’ आले, १,४३२ हा आकडा आतल्या पानात गेला.

एका वर्षाची तुकडी वेळेवर न आल्यास काय होते, तेही आपण पाहिले आहे. नीट-पीजी २०२१चे प्रवेश न्यायालयीन वादात महिनोन्‌महिने अडकले. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी ओढले, तेही कोविडने पिळून काढल्यानंतर. त्या मुलांना आजही विचारा, ती वर्षांऐवजी लाटा सांगतात.

थकव्याइतकाच जुना दुसरा रोग म्हणजे उतरंड. मुले ‘टॉक्सिक ब्रँच’, ‘टॉक्सिक युनिट’ म्हणतात. चूक झाली की पनिशमेंट ड्युटी: आठवडाभर खोलीवर जायचे नाही, आंघोळ वॉर्डातच. मी रजिस्ट्रार असताना एका ज्युनिअरला अशी दिली होती, सोनोग्राफीचा रिपोर्ट वेळेत आणला नाही म्हणून. तेव्हा तिचे भले करते आहे असे वाटले होते. मला दिली गेली होती, मी पुढे दिली. ‘आम्ही नाही का केले’ हे वाक्य या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या असेच उतरते. आणि उतरंडीत जात मिसळली की तिला वेगळीच धार येते. मे २०१९मध्ये मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. जळगावकडच्या आदिवासी तडवी भिल्ल समाजातली ती मुलगी. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर खटला भरला गेला. तिची आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत त्याच वर्षी शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. राखीव जागेवर आलेल्या मुलीला ‘हिला काही येत नाही’ हे रोज ऐकवले जाते, तेव्हा ते बर्नआउटच्या प्रश्नावलीत कुठल्या रकान्यात भरायचे? माझ्या मते ताणाच्या प्रश्नावरचे बहुतेक भारतीय लेखन इथे येऊन आवाज खाली आणते. तसे करून चालणार नाही.

नातेवाईकांकडून होणाऱ्या मारहाणीबद्दल थोडेच लिहिते, कारण ते वाचकांना ठाऊक आहे. धुळ्यात मार्च २०१७मध्ये एका अस्थिरोग निवासी डॉक्टरच्या डोळ्याला जबर इजा झाली. महाराष्ट्रात २०१०पासून अशा हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे. रात्री दोन वाजता नातेवाईकांसमोर उभा असतो तो मात्र व्यवस्थेतला सर्वांत कनिष्ठ माणूस. खाटा कमी का, औषध बाहेरून का आणायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नसते, आणि जाब त्यालाच विचारला जातो.

मदत मागायची सोय नाही असे नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस रात्रंदिवस आहे आणि ते जरूर वापरावे. पण ज्या ओपीडीत केसपेपर काढायचा तिथला रेसिडेंट आपल्याच वसतिगृहात, आपल्याच मजल्यावर राहतो. मग मुले झोपेच्या गोळ्या स्वतःच लिहून घेतात. जागा सोडावी तर कित्येक राज्यांत लाखोंचा बाँड भरावा लागतो. आयोगाने जानेवारी २०२४मध्ये राज्यांना हा दंड काढून टाकायला सुचवले, पण सूचना आणि आदेश यांत फरक असतो. पदव्युत्तर जागा दहा वर्षांत सुमारे ३१ हजारांवरून ७० हजारांच्या वर गेल्या, त्याने हात वाढले हे खरे. शिकवणारे मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत.

मोजून फरक पडतो का? इंग्लंडमध्ये २०१६च्या करारापासून प्रत्येक संस्थेत सुरक्षित कामाच्या तासांचा एक राखणदार नेमलेला असतो. ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबावे लागले की शिकाऊ डॉक्टर तशी नोंद करतो. सरासरी ४८ तास आणि कुठल्याही सात दिवसांत ७२ तास या मर्यादा ओलांडल्या तर दंड त्या डॉक्टरला न होता विभागाला होतो. तिथेही तक्रारी आहेत, नोंद करायला घाबरणारेही आहेत, त्यांनीही संप केले आहेत. पण वाद आकड्यावर होतो. आपल्याच देशात वैमानिकाच्या तासांचा हिशेब विमान वाहतूक महासंचालनालय ठेवते. २०२४च्या नियमांनी त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली. वैमानिकाने दमलो म्हटले की त्याला भित्रा म्हणत नाहीत.

आमच्याकडे यंत्र नाही असेही नाही. हजेरीचे यंत्र प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात बसले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याची हजेरी ८० टक्के भरली पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही, म्हणून मूल आले की नाही हे यंत्र काटेकोर पाहते. ते परत कधी गेले, हे त्याला कोणी विचारत नाही. सहा महिन्यांचे येण्याचे आणि जाण्याचे असे दोन्ही आकडे विभागवार प्रसिद्ध झाले, तर कुठे चार डॉक्टर कमी आहेत आणि कुठे दोन लिपिक, हे मंत्रालयात बसून वाचता येईल. आयोगाच्या तपासणीत खाटा मोजतात, पुस्तके मोजतात, शिक्षकांचे चेहरे मोजतात. त्या यादीत आणखी एक ओळ घालायला नवा कायदा लागत नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जिच्यावर बलात्कार करून जिला मारून टाकले, ती शिकाऊ डॉक्टर त्या रात्री लांबलेल्या ड्युटीवर होती. सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ३६-३६ तासांच्या पाळ्यांना अमानवी म्हटले. सुरक्षा रक्षक, कॅमेरे, दिवे यांवर पुढे पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्या बातमीतली एक बारीक गोष्ट सोडत नाही. ती जेवून सेमिनार रूममध्ये पाठ टेकायला गेली होती. आमच्या वेळीही आम्ही तेच करायचो. सेमिनार रूम, तपासणीचे टेबल, लेबर रूमच्या मागची स्ट्रेचर, जिथे जागा दिसेल तिथे. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीला विचारले, तुम्ही रात्री कुठे पडता गं? ती म्हणाली, ‘मॅडम, पाळीपाळीने. कॉट एक आहे, आम्ही पाच जणी.’